कैचीचा हिशोब आणि आपले नवे सभागृह

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण)



संस्थेच्या २५ वर्षांच्या आठवणी माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी इतक्या छान सांगितल्या की त्यात मी भर घालायची गरज नाही. इमारत उपसमितीने माझ्याकडे वेगळे काम दिले आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत नव्या सभागृहाचा ठराव यायचा आहे. त्यावर गेल्या दोन महिन्यांत ओट्यावर, किराणा दुकानात, सकाळी फिरताना जी चर्चा चालली ती सगळी माझ्या कानावर आहे. "एवढी मोठी भिंत कशाला?" "ठेकेदार म्हणतो साधी बीम चालते." "त्या भिंतीत दार का नाही देत?" या तीन प्रश्नांची उत्तरे मी आज देणार आहे. मी इंजिनिअर नाही, बँकेतला माणूस आहे. पण आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरसोबत चार-पाच बैठका केल्या, त्यांच्याकडून हिशोब समजून घेतला, आणि तो वहीत स्वतः मांडून पाहिला. आठवी-नववीच्या गणितात बसतो. म्हणून हिंमत करतो आहे.

आधी अडचण काय ते सांगतो. आताचे सभागृह पाडून तळमजला अधिक एक मजला बांधायचा आहे. खाली लग्न, बारसे, तेरवी, सभा यांसाठी मोकळी जागा हवी. आताच्या सभागृहात मधोमध जो खांब आहे त्याने आपल्याला २५ वर्षे छळले. नवरदेव एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये खांब, असे फोटो प्रत्येकाच्या अल्बमात आहेत. तेव्हा खाली मधला खांब नको यावर सगळ्यांचे एकमत आहे. वर मात्र अभ्यासिका आणि वाचनालय, अन् त्याच्या छतावर पाण्याची टाकी. टाकीचा आणि छताचा भार नेमका मधोमध येतो. म्हणजे वर खांब हवा आणि खाली नको. मग वरच्या खांबाचा भार जाणार कुठे? दोन्ही बाजूंच्या खांबांवर. आणि तिथपर्यंत तो नेणार कोण?

आता जुनी घरे आठवा. आपल्या भागात कवेलूंचे घर असे, मोठ्या खोलीवर सागवानाची कैची असे. दोन तिरपे वासे वर एकमेकांना टेकलेले, खाली भिंतीवर उतरलेले, आणि दोघांचे पाय बांधून धरणारे एक आडवे लाकूड. कवेलूंचा भार तिरप्या लाकडांतून खाली उतरतो. उतरताना तो भिंतींना नुसता खाली दाबत नाही, बाहेरही ढकलतो. ते ढकलणे रोखायला खालचे आडवे लाकूड. तिरपी लाकडे दाबात, आडवे ताणात. घरातली बाई त्या आडव्या लाकडाला पाळणा बांधायची म्हणून आपल्याला वाटायचे की ते पाळण्यासाठीच आहे. ते कापले असते तर भिंती बाहेर फाकल्या असत्या आणि छप्पर खाली आले असते.

ज्यांनी कैची पाहिली नाही त्या मुलांसाठी दुसरे उदाहरण. रंगारी येतो त्याचा लाकडी घोडा पाहिला ना? दोन शिड्या वर जोडलेल्या, खाली दोघींच्या मध्ये दोरी. रंगारी वर चढला की दोरी ताठ होते. दोरी तुटली की घोडा फाकतो आणि रंगारी खाली. शिड्यांची लाकडे मजबूत होती की नव्हती याने काही फरक पडत नाही.

आपल्या सभागृहाच्या भिंतीचा हिशोब हाच आहे. इंग्रजीत याला स्ट्रट-अँड-टाय पद्धत म्हणतात. स्ट्रट म्हणजे दाब घेणारा टेकू, टाय म्हणजे ताण धरणारा बंध. काँक्रीट दाबाला उत्तम, ताणाला अगदी कमजोर. लोखंड ताणाला उत्तम. म्हणून काँक्रीटच्या पोटात आपण एक अदृश्य कैची कल्पायची: तिरपे टेकू काँक्रीटचे, खालचा बंध सळाखींचा, आणि ते जिथे भेटतात त्या गाठी. मग प्रत्येक भागावर किती जोर येतो ते काढायचे आणि तो त्या भागाला पेलतो का ते पाहायचे. बस्स.

मग साध्या बीमचा हिशोब असा का नाही करत? कारण लांब, सडपातळ बीममध्ये एक सोय असते. भार पडल्यावर ती सरळ रेषेत, शिस्तीत वाकते, आणि त्या शिस्तीवर बसवलेली सूत्रे इंजिनिअरांना तोंडपाठ असतात. पण जिथे एकदम मोठा भार येऊन बसतो, जिथे टेकण असते, जिथे भोक असते, तिथे ती शिस्त मोडते. अरुणावतीला पूर आला की पुलावरून पाहा. खांबाजवळ पाणी भोवऱ्यात फिरते, थोडे पुढे गेले की पुन्हा सरळ वाहते. काँक्रीटमध्येही तसेच. साधारण बीमच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत ही गडबड असते, त्यापलीकडे पुन्हा शिस्त. आता बीम जर लांबीच्या मानाने फारच उंच असेल, तर दोन्ही टोकांकडची गडबड आणि मधल्या भाराची गडबड एकमेकींना येऊन भिडतात. शिस्तीचा भाग उरतच नाही. आपल्या देशाच्या आय.एस. ४५६ या संहितेत दोन टेकणांवरच्या बीमची लांबी तिच्या उंचीच्या दुपटीहून कमी असेल तर तिला खोल बीम म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळे नियम आहेत. आपली भिंत नेमकी त्या सीमेवर आहे: ६ मीटर लांब, ३ मीटर उंच. ही संहिता सुधारून आली ते साल २०००, आपली संस्था नोंदली गेली तेच साल. योगायोग.

पद्धत मात्र फार जुनी आहे. विल्हेल्म रिटर यांनी १८९९ साली काँक्रीटच्या बीममध्ये कैची पाहिली, एमिल म्योर्श यांनी ती पुढच्या काही वर्षांत पक्की केली. नंतर सूत्रांची चलती आली आणि कैची मागे पडली. १९८७ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टचे योर्ग श्लाइश आणि त्यांचे सहकारी यांनी एक लांबलचक निबंध लिहून सांगितले की इमारतीच्या शिस्तीच्या भागाला सूत्रे ठीक, पण बेशिस्त भागांकडे अंदाजाने पाहू नका, तिथेही कैची मांडा. हे श्लाइश म्हणजे कोलकात्याचा विद्यासागर सेतू ज्यांच्या संस्थेने आखला तेच. केबलांवर तोललेला तो पूल १९९२ साली सुरू झाला. तीर्थयात्रेला गंगासागरला गेलेल्या आपल्यापैकी काहींनी तो ओलांडला असेल. पुढे अमेरिकेच्या संहितेत २००२ साली ही पद्धत आली, आपल्या पुलांच्या आय.आर.सी. ११२ या संहितेत २०११ साली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. नागपूरला जाताना वर्धा रोडवर मान वर करून पाहा. एकाच खांबावर मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे, त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. तिथे किंवा कुठल्याही उड्डाणपुलाखाली गाडी थांबली तर खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेली टोपी पाहा. गर्डर टोपीच्या कडेवर बसतात, खांब मधोमध असतो. तिथे आपली कैची उलटी होते: ताण वर, टेकू कडेकडून खांबाकडे तिरपे खाली. म्हणून टोपीत मुख्य सळाखी वरच्या अंगाला असतात. घराच्या गॅलरीचेही तेच. आणि भिंतीतून बाहेर आलेल्या तोड्याचेही. तोड्याचा हिशोब टेकू-बंधाने करा असे आय.एस. ४५६ मध्येच लिहिले आहे.

आता आपल्या भिंतीचा हिशोब. मुलांनो, कागद काढा. हिशोब सोपा व्हावा म्हणून मी आकडे गोल धरतो, नेमके आकडे इंजिनिअरच्या कागदावर आहेत.

टाकी, छत वगैरे मिळून मधोमध ६० टन भार धरू. दोन्ही खांबांवर निम्मा निम्मा, ३० टन. कैचीची उंची किती धरायची? भिंत ३ मीटर उंच असली तरी कैचीची उंची तेवढी नसते, कारण टेकू आणि बंध यांनाही स्वतःची जाडी असते. संहितेचे सूत्र आहे: लांबी अधिक उंचीची दुप्पट, आणि त्याचा पाचवा हिस्सा. ६ अधिक ६, बारा, त्याचा पाचवा हिस्सा २.४ मीटर. म्हणजे मध्यापासून खांबापर्यंत आडवे ३ मीटर आणि उभे २.४ मीटर असा काटकोन त्रिकोण. खालच्या बंधातला ताण: ३० गुणिले ३ भागिले २.४. उत्तर ३७.५ टन. तिरप्या टेकूतला दाब पायथागोरसने काढा, ४८ टन येतो.

३७.५ टनाला सुरक्षेसाठी दीडपट करायचे, ५६ टन आणि थोडे. एफई ५०० लोखंडाला हा ताण धरायला १६ मिलीमीटरच्या ७ सळाखी पुरतात, किंवा २० मिलीमीटरच्या ५. सगळ्या सळाखींचे वजन शंभर किलोही भरत नाही. साठ टन भार आणि शंभर किलोहून कमी लोखंड! मला स्वतःला हा आकडा पटेना, म्हणून तीनदा केला.

आता "साधी बीम चालते" या म्हणण्याकडे येऊ. ठेकेदाराने ७५ सेंटीमीटर उंचीची बीम सुचवली, "लोहा वाढवून देतो" म्हणाले. त्यात कैचीची उंची उरते फार तर ६० सेंटीमीटर. २.४ मीटरच्या जागी ०.६, म्हणजे चौथा हिस्सा. उंची चौथाई झाली की ताण चौपट. ३७.५ टनाचे १५० टन झाले. २० मिलीमीटरच्या १७ सळाखी लागतील, आणि ३० सेंटीमीटर रुंदीत त्या दाटीवाटीनेही नीट बसणार नाहीत. त्याहून वाईट असे की वरच्या अंगाचे काँक्रीट तेवढा दाब घेऊ शकत नाही. अशा बीममध्ये लोखंड ताणून इशारा देण्याच्या आधी काँक्रीट चिरडते, तेही अचानक. भेगा पडल्या, दार अडकायला लागले, मग आपण बाहेर पडलो, असा वेळच मिळत नाही. बीम रुंद करून, लोखंड वाढवून काही मार्ग निघेलही, पण मग ती स्वस्त राहत नाही. उंच भिंतीत पैसे जातात ते साधारण सहा घनमीटर काँक्रीटला आणि सेंटरिंगला. लोखंडात वाचतात. आणि भिंत तशीही वरच्या दोन खोल्यांच्या मध्ये लागणारच होती. विटांची बांधली असती, ती काँक्रीटची बांधू.

ठेकेदारांवर राग धरू नका. त्यांनी आयुष्यभर घरांच्या बीमा टाकल्या आणि त्या उभ्या आहेत. पण ही घराची बीम नाही.

दाराचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. मुलींची अभ्यासिका आणि वाचनालय यांच्या मध्ये ही भिंत येते, तर मधून ये-जा हवी. काहींचे म्हणणे मधोमध दार, काहींचे म्हणणे "मधोमध भार आहे ना, मग कोपऱ्यात द्या." ऐकायला बरोबर वाटते. आता कैची मांडून पाहा. टेकू वरून मधून निघून खालच्या दोन कोपऱ्यांत उतरतात. खांबाजवळ दार दिले तर टेकूचा पायच कापला. संपूर्ण भिंतीत सगळ्यात वाईट जागा कुठली असेल तर ती कोपऱ्यातली, जमिनीलगतची. मधोमध दिले तर? खालचा बंध जमिनीच्या पातळीखाली ठेवता येतो, तो वाचेल. पण दार सात फूट उंच, आणि अर्धा मीटर बाजूला सरकताच टेकूची मध्यरेषा त्या दाराच्या चौकटीच्या आत येते. म्हणजे दाराचे वरचे दोन्ही कोपरे टेकूत घुसतात. तेही नको.

मग काय चालते? मधोमध, खाली, दोन टेकूंच्या मधल्या त्रिकोणात मीटरभर रुंद आणि सव्वा मीटर उंच खिडकी बसते. पुस्तके द्यायला-घ्यायला तेवढी पुरेल. आणि दोन्ही टोकांना, वरच्या कोपऱ्यांत, टेकू खाली उतरलेले असल्याने जागा रिकामी आहे, तिथे झरोके देता येतील. वारा खेळेल. ये-जा व्हरांड्यातून. हे उत्तर मला कुठल्याही सूत्रातून मिळाले नसते. चित्रातून मिळाले. या पद्धतीचा मोठा गुण हाच. ती फक्त "चालेल" किंवा "चालणार नाही" एवढेच सांगत नाही, भार कुठून जातो ते दाखवते, आणि मग कुठे हात लावायचा नाही ते आपोआप कळते.

एक बारकावा राहिला. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे खालच्या सभागृहाचा स्लॅब, तो या भिंतीच्या तळाला जोडलेला आहे. त्याचा भार भिंतीच्या माथ्यावर येत नाही, तळाला लटकतो. लटकलेला भार थेट टेकूत शिरू शकत नाही. त्याला आधी वर चढावे लागते, मग टेकूतून खाली. विहिरीची बादली जशी आधी वर येते आणि मगच घरात जाते, तसे. त्या चढण्यासाठी उभ्या रिंगा लागतात, ज्या खालच्या सळाखींना खालून कवेत घेतात आणि थेट वरपर्यंत जातात. रिंग अर्ध्यावर थांबली तर स्लॅब भिंतीपासून खाली सुटू शकतो. नकाशात या रिंगा दाट दिसतील. खिडकीमुळे ज्या तुटतात त्या तिच्या दोन्ही बाजूंना जास्त दिल्या आहेत. त्या "उगाच" नाहीत.

भूकंपाचे एकाने विचारले होते, किल्लारीची आठवण काढून. रास्त प्रश्न आहे. खाली आधार नसलेला खांब भूकंपात धोक्याचा, असे संहिताही सांगते. आपला वरचा खांब भिंतीच्या माथ्यापासून छतापर्यंत अवघा अर्धा मीटर आहे आणि आडवा धक्का घेणाऱ्या चौकटीत तो धरलेलाच नाही. धक्का बाहेरच्या खांबांच्या चौकटी घेतात, त्यांचा हिशोब वेगळा केला आहे. पण म्हणूनच सांगतो, या इमारतीवर पुढे कधीही तिसरा मजला चढवायचा नाही. ठरावात ते वाक्य घालावे अशी माझी सूचना आहे.

आता ज्यासाठी मी हे सगळे सांगत आलो तिथे येतो. कैचीत सगळ्यात नाजूक जागा गाठीची. रंगाऱ्याच्या घोड्याची दोरी कितीही जाड असू द्या, शिडीला बांधलेली गाठ सुटली तर दोरीचा उपयोग काय? आपल्या सात सळाखी मध्ये किती ताण घेतात हे महत्त्वाचे नाही, त्या टोकाला खांबात किती घट्ट रुतल्या आहेत हे महत्त्वाचे. साध्या बीममध्ये ताण मध्यभागी जास्त आणि टोकाला कमी होत जातो, म्हणून काही सळाखी मध्येच थांबवायची किंवा वर वळवायची रीत आहे. कैचीत तसे नाही. बंधाचा ताण या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास तितकाच. म्हणून एकही सळाख मध्ये थांबवायची नाही, आणि खांबाच्या आत पुरेशी शिरवायची.

पुरेशी म्हणजे किती? एम २५ काँक्रीटमध्ये २० मिलीमीटरच्या सळाखीला खांबाच्या आतल्या कडेपासून पुढे जवळजवळ ७८ सेंटीमीटर लांबी लागते. खांब आहे ४५ सेंटीमीटरचा, बाहेरचे कव्हर सोडले की ४१ उरतात. सरळ सळाख बसतच नाही. १६ मिलीमीटरला ६२ सेंटीमीटर लागतात. तीही सरळ बसत नाही, पण टोकाला वळवली की बसते. म्हणून जाड पाचऐवजी बारीक सात घेतल्या. लोखंड जवळजवळ तेवढेच, पण पकड लवकर बसते. आणि साताही एकाच ओळीत कोंबायच्या नाहीत, तळाच्या ४५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात ओळींनी पसरायच्या. इंजिनिअरने हे सांगितले तेव्हा मला बँकेतली गोष्ट आठवली. एका मोठ्या कर्जदाराला जामीनदार मिळवणे कठीण, तीच रक्कम सात लहानांत वाटली की प्रत्येकाचा जामीन गावातच सापडतो.

टोकाची सळाख थोडी कमी पडली तर काय होते याचे जगातले सर्वांत महागडे उदाहरण नॉर्वेचे आहे. समुद्रातून वायू काढण्यासाठी स्लाइपनर नावाच्या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता, २४ पोकळ कोठ्यांचा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टावांगेरजवळच्या खाडीत तो पाणी भरून हळूहळू खाली बुडवून पाहत होते. तीन कोठ्या जिथे मिळतात तिथल्या लहान त्रिकोणी पोकळीची भिंत फुटली, पाणी आत घुसले आणि १८ मिनिटांत सगळा पाया तळाला गेला. खाली आपटल्याचा हादरा भूकंपमापकांवर ३ रिश्टर नोंदला गेला. सुदैवाने माणूस एकही दगावला नाही. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. संगणकावर मांडलेली जाळी त्या कोपऱ्यात फार ढोबळ होती, त्यामुळे तिथला कातर-जोर ४७ टक्के कमी दाखवला गेला. आणि त्या भिंतीतल्या आडव्या सळाखी, ज्यांच्या डोक्याला टी आकार होता, भिंतीच्या पुरेशा जाडीपर्यंत पोचत नव्हत्या. नंतर नीट हिशोब केला तेव्हा ती भिंत ६२ मीटर पाण्याच्या दाबाला फुटेल असे निघाले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. इतका जवळचा हिशोब करता येत होता. तो नंतर झाला.

आणि बांधून झाल्यानंतर हात लावला तर काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यातले. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई नावाची चार मजली इमारत कोसळली, १७ माणसे गेली. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि खांबांना धक्का लावल्याचा ठपका त्यात ठेवला गेला. आपले सभागृह चार मजली नाही. पण उद्या वाचनालयात एसी बसवायचा म्हणून कोणी ड्रिल घेऊन भिंतीच्या तळाला पाच इंची भोक पाडले, तर ते नेमके बंधाच्या पट्ट्यात जाईल. त्यासाठी नकाशात पाइपाची जागा आधीच ठेवली आहे, वरच्या कोपऱ्यात. भिंतीवर दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या रंगवून टेकूंची जागा कायमची दाखवावी, अशी कल्पना एका ताईंनी मांडली. मला फार आवडली. दिसायलाही बरी दिसेल.

घरबांधणी कर्जाच्या फायली आम्ही बँकेत पाहायचो तेव्हा त्यात नकाशा असे, अंदाजपत्रक असे, सात-बारा असे. सळाखींचा नकाशा क्वचितच दिसे. म्हणजे पैसे देणारा आणि राहणारा, दोघेही नेमका तोच कागद पाहत नव्हते. आपल्या सभागृहात तसे होऊ नये.

म्हणून काँक्रीट टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी चार सभासद इंजिनिअरसोबत साइटवर असतील. त्यांनी सळाखी मोजायच्या, सातच्या सात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अखंड आहेत का पाहायचे. बाजारात १२ मीटरची सळाख मिळते, आपल्याला साडेसातच्या आसपास लागते, तेव्हा मध्ये जोड द्यायचे कारणच नाही. उरलेले तुकडे वाया जातात म्हणून जोड देऊ म्हणाले तर नाही म्हणायचे. टोके खांबाच्या सळाखींच्या आत वळून गेली आहेत का, खालच्या सळाखी कव्हर ब्लॉकवर आहेत की फळीवर टेकल्या आहेत, दोन्ही तोंडांना जाळी आहे का हे पाहायचे. जाळी महत्त्वाची, कारण टेकू मध्यावर फुगतो आणि काँक्रीटला आडवे फाडू पाहतो. ते फाटणे जाळी धरते. खांब आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात लोखंडाची इतकी गर्दी होते की मोठी गिट्टी वरच अडकते आणि खाली पोकळी राहते. बाहेरून प्लास्टर झाले की ती दिसत नाही. म्हणून त्या दोन कोपऱ्यांसाठी बारीक गिट्टीचा माल वेगळा कालवायचा आणि व्हायब्रेटर तिथे पोचतो का ते आधीच पाहायचे. टेप लावून फोटो काढायचे आणि संस्थेच्या दप्तरात ठेवायचे. आणखी २५ वर्षांनी जे कोणी दुरुस्तीला येतील त्यांना आत काय आहे ते कळेल.

सेंटरिंग घाईने उतरवायचे नाही. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून तर अजिबात नाही. तारखा मला माहीत आहेत, दोघांनी आधीच सभागृह मागून ठेवले आहे.

भिंतीचा नकाशा मोठ्या कागदावर काढून संस्थेच्या कार्यालयात फलकावर लावला आहे. टेकू निळ्या रंगात, बंध लाल रंगात. आमच्या नातवाने रंगवले आहेत, जरा जास्तच जाड झाले आहेत. सभेपर्यंत रोज संध्याकाळी ६ ते ८ मी तिथे असतो. ज्यांना कोपऱ्यातल्या दाराचे अजून पटले नाही त्यांनी पट्टी-पेन्सिल घेऊन या, आपण दोघे मिळून दार काढून पाहू.